तर्रीपोहेवाला कुठं गेला?

माझ्या गोष्टीचं पहिलं प्रकरण इंटरनेटवर टाकलं त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागी होते. मे महिना, तोही नागपूरचा, कूलरच्या टाकीतलं पाणी संपून नुसता पंखा गरम हवा फेकून राहिला होता आणि उठून बादलीभर पाणी ओतायचं सोडून मी फोनवर तेच एक पान बोटाने खाली ओढून ओढून रिफ्रेश करत होते. हिट्स ४. मला वाटलं यातले तीन तर मीच असेन. मग वाचलं की लॉगिन असताना लेखकाच्या स्वतःच्या चकरा मोजतच नाहीत, म्हणजे ते चारही खरेखुरे लोक होते, कुठंतरी बसलेले, आणि त्या चौघांपैकी एकानेही काही म्हटलं नव्हतं. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही.

नवरा कूस बदलून म्हणाला, "काय करून राहिली तू एवढ्या रात्री? रिटर्न राह्यलं का कोणाचं?" मी म्हटलं हो. खरं सांगायची लाज वाटली.

तर खरं ते आता सांगते. मी फॅनफिक्शन लिहिते. दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रं उचलायची आणि त्यांची आपली स्वतःची गोष्ट लिहायची, फुकट, निव्वळ हौसेपायी. माझी पात्रं एका जुन्या डिटेक्टिव्ह मालिकेतली, एक इन्स्पेक्टर आणि त्याचा ज्युनियर. मालिकेचं नाव सांगत नाही, कारण तिच्यावर मराठीत लिहिणारे आम्ही बोटांवर मोजण्याइतके आहोत आणि नाव कळलं की ऑफिसातले पोट्टे दोन मिनिटांत मला शोधून काढतील. मी धरमपेठेत एका टॅक्स कन्सल्टंटकडे जीएसटीचं काम बघते. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला आमच्याकडे आग लागलेली असते, त्यामुळं माझी प्रकरणं कधीही २१ च्या आत येत नाहीत, आणि गंमत म्हणजे हे एका वाचकबाईने ओळखलं, पाचव्या की सहाव्या प्रकरणाखाली तिने लिहिलं होतं, "तू सीएच्या ऑफिसात आहेस का गं?" मी दचकलेच. आपण गोष्ट लिहून राहिलो आणि लोक आपल्याला वाचून राहिले, असं झालं ते.

मालिका मुंबईत घडते, समुद्र, लोकल, पाऊस वगैरे. मला कंटाळा आला होता त्या समुद्राचा. म्हटलं यांना आपल्याकडे आणू. इतवारीतल्या सराफा ओळीत एका कारागिराचा मृत्यू, आणि ज्याच्यावर संशय तो मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची इडापिडा बाहेर न्यायला निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत शिरून गायब होतो, एवढंच डोक्यात होतं. १७ प्रकरणं ठरवली होती, झाली १९, आणि मधे चार महिने सगळं बंद पडलं होतं. त्या चार महिन्यांबद्दलच खरं तर सांगायचं आहे पण आधीचं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

टाकलं एओथ्रीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आर्काइव्ह ऑफ अवर ओन. २००९ पासून चालू आहे, जाहिराती नाहीत, स्वयंसेवक चालवतात, देणग्यांवर चालतं, आणि २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कारसुद्धा मिळाला, म्हणजे सायन्स फिक्शनवाल्यांचा सगळ्यात मानाचा. खातं उघडायचं तर नाव नोंदवून निमंत्रणाची वाट बघावी लागते, गॅस कनेक्शनच्या नंबरासारखी. तिथं पैसे मिळत नाहीत, मागायचेही नाहीत, तो नियमच आहे. आणि तुमची आवड ओळखून तुमच्यासमोर गोष्टी आणून टाकणारं यंत्रही नाही, नवीन काय आलं त्याची यादी दिसते, त्यात तुमची गोष्ट थोडा वेळ वर, मग खाली, मग गेली. म्हणजे लिहिणाऱ्याच्या हाती पडणार काय? किती वेळा उघडलं गेलं तो हिट्सचा आकडा, कुडोज म्हणून एक छोटंसं हृदयाचं बटण, आणि कमेंट. संपलं. तेवढाच पगार.

पहिली कमेंट नवव्या दिवशी आली. तोपर्यंत माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आईने एकदा विचारलंही, "काऊन थोबाड पाडून बसली? सासरचं कोणी काही म्हटलं का तुले?" नवव्या दिवशी दुपारी ऑफिसात ईमेल आला आणि कमेंट होती, "छान. पुढचा भाग?"

तीन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून वर्ध्याच्या मावसबहिणीला पाठवला. ती माझी बीटा, म्हणजे टाकायच्या आधी सगळं वाचून चुका काढणारी, मराठीची शिक्षिका आहे त्यामुळं चुका काढायचा तिला कंटाळा नाही. तिचं उत्तर आलं, "ताई, तुला पीएचडी मिळाल्यासारखं करून राहिली तू." मग थोड्या वेळाने, "मी तुझ्या पहिल्या प्रकरणावर दोन पानं लिहून दिली होती त्याचा स्क्रीनशॉट कोणाला पाठवला का कधी?" बरोबर होतं तिचं. पण तिला वाचणं भागच होतं, मी तिच्या गळ्यात मारलं होतं. या तीन शब्दवाल्याला कोणी सांगितलं होतं? त्याच्या हातात फोन होता, फोनमध्ये अख्खं जग होतं, ते सोडून तो माझ्या इतवारीत येऊन गेला आणि जाताना दार वाजवून गेला.

आईला मात्र हे न सांगता कळलं असतं, कारण तिचं स्वतःचं एक प्रकरण आहे. ८५-८६ च्या सुमारास तिने एका दिवाळी अंकातली कथा वाचून लेखिकेला १५ पैशांचं पोस्टकार्ड टाकलं होतं, शेवट समजला नाही म्हणून. आणि उत्तर आलं! चार ओळींचं. त्यात लेखिकेने कबूल केलं होतं की शेवट तिलाही नीट समजलेला नाही, पण विचारलंत म्हणून आनंद झाला. ते कार्ड अजून गोदरेजच्या कपाटात लग्नाच्या शालूखाली आहे. आम्ही लहानपणी हसायचो त्याला. आता मला राहून राहून त्या लेखिकेचं वाटतं, तिने आईचं पोस्टकार्ड कुठं ठेवलं असेल.

हे पोस्टकार्डाचं काही जगावेगळं नाही, मी नंतर जरा वाचलं तर सगळी सुरुवातच अशी आहे. १९६७ साली अमेरिकेत स्टार ट्रेकच्या चाहत्यांनी 'स्पॉकानालिया' म्हणून एक छोटं मासिक काढलं, घरगुती, सायक्लोस्टाइल करून पोस्टाने पाठवायचं. या मासिकांमधून लोक गोष्टी लिहायचे आणि वाचणारे संपादकांना लांबलचक पत्रं पाठवायचे, ती पुढच्या अंकात छापली जायची. त्या पत्रांना नावच होतं, लेटर ऑफ कमेंट, थोडक्यात एलओसी. आपल्याकडे एलओसी म्हटलं की वेगळंच काहीतरी आठवतं, पण काही काही पत्रं त्याही अर्थाने बरोबरच असतील म्हणा.

कारण माझ्याकडे पण गोळीबार झाला ना.

मीच मोठेपणाने पहिल्या प्रकरणाच्या खाली लिहून ठेवलं होतं, "चुका निःसंकोच सांगा." हे लिहायचं नसतं, किंवा लिहायचं तर मग रडायचं नसतं. या जगात न विचारता चुका काढणं बऱ्याच लोकांना उद्धटपणा वाटतो, फुकट लिहिणाऱ्याला काय बोलायचं असा विचार, आणि म्हणून कोणाला चालतं कोणाला नाही हे लेखक आधीच सांगून टाकतात. मी सांगितलं चालतं. तर चौथ्या प्रकरणावर एकाने अगदी शांतपणे, नंबर घालून लिहिलं की मृत्यू सोमवारी आणि व्हिसेऱ्याचा, म्हणजे मृताच्या पोटातल्या अवयवांच्या तपासणीचा, रिपोर्ट बुधवारी इन्स्पेक्टरच्या टेबलवर, हे कोणत्या देशात होतं? लॅब तुमच्याच गावात धंतोलीला आहे हे मान्य पण तिच्याकडे आसपासच्या जिल्ह्यांची पण प्रकरणं येतात, रिपोर्टला महिने लागतात, हातोहात मिळत नाही. खाली अजून दोन मुद्दे. आणि शेवटी "बाकी आवडलं."

"बाकी आवडलं" हे मला तिसऱ्या दिवशी दिसलं. आधीचे दोन दिवस मी फक्त वरचं वाचून राहिले होते. ऑफिसात एका पार्टीचं बिल दुसऱ्याच्या नावावर चढवलं त्या नादात. संध्याकाळी अंबाझरीला चक्कर मारताना मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होते, की बाबा ही मालिकाच अशी आहे, तिथं अर्ध्या तासात सगळं निघतं, मी काय तुझ्यासाठी क्राइम ब्रँचचं मॅन्युअल लिहून राहिले का. आणि मग तलावाच्या काठावर कुठंतरी डोक्यात आलं, की महिने लागतात तर लागू दे की. रिपोर्ट येत नाही. इन्स्पेक्टरला मुंबईला परत जाता येत नाही. उन्हाळा संपतो, पाऊस येतो, पोळा येतो, आणि तो इथंच अडकलेला, रोज सकाळी कस्तुरचंद पार्कजवळ तर्रीपोहे, म्हणजे चण्याचा तिखट रस्सा घातलेले पोहे, खाऊन राहिला. माझ्या गोष्टीत मे महिन्यातला मृत्यू आणि भाद्रपदातली… नाही नाही, श्रावणातल्या अमावस्येनंतरची मारबत या दोन टोकांच्या मधे मोठं भोक होतं, ते त्या माणसाने बुजवलं. त्याला माहीतही नाही. म्हणजे आता आहे, मी नंतर लिहिलं त्याला, पण त्या वेळी त्याने फक्त चूक काढली होती.

(मावसबहिणीने हे वाचून विचारलं की मग भाद्रपद की श्रावण, नीट लिही. पोळा आपल्याकडे श्रावण अमावस्येला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे तिथीने भाद्रपद लागलेलाच असतो. झालं समाधान?)

मारबतीचं पण असंच. मी लिहिताना धरून चाललेले की मारबत सगळ्यांना माहीत असते. आपण लहानपणापासून बघतो, काळी मारबत, पिवळी मारबत, त्यांच्यासोबतचे बडगे नावाचे पुतळे, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत आख्खी इतवारी रस्त्यावर, सांगायचं काय त्यात. कमेंट आली, "मारबत म्हणजे काय? मी पुण्याची आहे, गुगल केलं तर कळलं पण तुमच्या गोष्टीतून कळलं नाही." ही कमेंट लागली मला, कारण खरी होती. मी ते प्रकरण परत उघडलं तर त्यात मिरवणूक नव्हतीच, मारबत हा नुसता शब्द होता, बाकी सगळं माझ्या डोक्यातच राहून गेलं होतं. मग ज्युनियरला गर्दीत उभं केलं, त्याला काही कळत नाही, त्याला एक म्हातारा सांगतो की काळी १८८१ पासून निघते आणि पिवळी तिच्यानंतर काही वर्षांनी सुरू झाली, आणि सांगता सांगता म्हाताऱ्याच्या मागून तो संशयित निघून जातो. आज त्या प्रकरणाला सगळ्यात जास्त कमेंट आहेत. बहुतेक सगळे नागपूरबाहेरचे.

सगळं असंच गोड नव्हतं. एका पाहुण्याने, म्हणजे खातं नसलेल्याने, लिहिलं की शुद्ध मराठी येत नसेल तर लिहू नये, हे 'करून राहिला' 'जाऊन राहिला' काय आहे. आता गोष्टीत असं बोलतो तो आमचा इथला हवालदार, इन्स्पेक्टर तर मुंबईचं बोलतो. बरं हवालदार नागपूरचा आहे तर तो काय बोलणार? हे मला आयुष्यभर ऐकावं लागलं आहे, पुण्यात एक वर्ष जॉबला होते तेव्हा तर रोज. कमेंट डिलीट करायचं बटण हाताशी होतं. नाही केली. त्याऐवजी मी हळूहळू इन्स्पेक्टरलाच बिघडवलं. सातव्या प्रकरणात तो एकदा चुकून म्हणतो "काय करून राहिलास?" आणि स्वतःच दचकतो. बाराव्यात "काऊन?" म्हणतो. शेवटच्या प्रकरणात मुंबईच्या साहेबाशी फोनवर बोलताना त्याच्या तोंडून निघून जातं "येऊन राहिलो सर" आणि पलीकडे शांतता. वाचक हसून हसून मेले. हे त्या पाहुण्याचंच देणं आहे, पण त्याला मी थँक्यू म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

आता ते बंद पडण्याबद्दल.

सातव्या प्रकरणानंतर कमेंट कमी झाल्या, आठव्याला एक, नवव्याला शून्य. मी आकडेवाली बाई, मी एक्सेल शीट केली होती, प्रकरण, तारीख, हिट्स, कुडोज, कमेंट. हिट्स वाढत होते, पण प्रकरण वाढलं की जुनेच लोक परत येतात त्यामुळं ते वाढणारच, त्यावरून नवीन कोण आलं ते कळत नाही. आणि कुडोजचं तर मला फार उशिरा लक्षात आलं. एक माणूस एका गोष्टीला एकदाच कुडोज देऊ शकतो. गोष्ट १ प्रकरणाची असो की १९, एकदाच. म्हणजे ज्याने पहिल्या प्रकरणाला हृदय दाबून पळ काढला तो, आणि जो दर महिन्याला २१ नंतर येऊन सगळं वाचून जातो तो, माझ्या शीटमध्ये दोघं सारखेच. निष्ठावंत माणूस दिसतच नाही! त्याला दिसायचं असेल तर एकच रस्ता, त्याने तोंड उघडायचं. आणि लोक तोंड उघडत नाहीत.

मी पण काय केलं, तर दहाव्या प्रकरणात इन्स्पेक्टर आणि मेलेल्या कारागिराच्या बहिणीची जोडी जमवायला घेतली. माझ्या डोक्यात नव्हतं ते अजिबात, पण दुसऱ्यांच्या गोष्टींखाली बघितलं होतं की जोडी जमली की कमेंट पडतात धबाधबा. फुटाळा तलावावर सूर्यास्त, भुट्टा, पाऊस, सगळं घातलं. सहा कमेंट आल्या एका दिवसात. मावसबहिणीचा मात्र फोन आला, ती म्हणाली, "ताई हे तू नाही लिहिलं." मी म्हटलं मीच लिहिलं. "नाही, हे कमेंटसाठी लिहिलं. कारागिराच्या बहिणीचा भाऊ मरून तीन महिने झाले आणि ती भुट्टा खाऊन लाजून राहिली?"

अकरावं कसंबसं टाकलं सप्टेंबरमध्ये आणि मग काही सुचेचना. ती जोडी मला नको होती पण सहा जणांना हवी होती, आणि पुढच्या कमेंट सगळ्या एकच, "पुढचा भाग कधी?" "पुढचा भाग???" "लेखिका वारली का?" यातला तिसरा मला तेव्हा विनोदी वाटला नाही. नवव्या दिवशी ज्या "पुढचा भाग?" चा मी स्क्रीनशॉट काढला होता तेच शब्द आता वसुलीच्या नोटिशीसारखे वाटायचे. शब्द बदलले नव्हते, माझ्याकडे द्यायला काही नव्हतं एवढंच. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, डिसेंबरला ऑफिसात वार्षिक रिटर्नचा गोंधळ, मी सगळ्यांना सांगितलं वेळ नाही. वेळ होता. संध्याकाळी मी मोबाइलवर साड्या बघत बसायचे.

जानेवारीतली गोष्ट. सुभाषनगरला मेट्रोत बसले, मला शंकरनगरला उतरायचं असतं, मधे दोनच स्टेशनं. ईमेल आला. नाव अनोळखी. कमेंट चौथ्या प्रकरणावर होती, अकराव्यावर नाही, म्हणजे हा माणूस नव्याने वाचत होता किंवा परत वाचत होता. त्याने माझीच दोन वाक्यं कापून वर चिकटवली होती आणि खाली लिहिलं होतं, "तर्रीपोहेवाला कुठं गेला? चौथ्या प्रकरणात इन्स्पेक्टरने पैसे दिले तर त्याने घेतले नाहीत, म्हणाला राहू द्या साहेब. मला वाटलं त्याला काहीतरी माहीत आहे. अकरापर्यंत वाट बघितली, तो परत आलाच नाही. विसरलात का?"

विसरले होते. साफ विसरले होते. त्याने पैसे घेतले नाहीत कारण मला त्या दिवशी नागपूरच्या लोकांचा मोठेपणा दाखवायचा होता, पाहुण्याकडून पैसे घेत नाहीत वगैरे, बस, पुढं त्याचं काही नव्हतं. पण या माणसाने ते वाक्य सात प्रकरणं सांभाळून ठेवलं होतं! आणि तो म्हणतो ते किती बरोबर. पोहेवाला पहाटे चारला गाडी लावतो. त्या वेळी रस्त्यावर दुसरं कोण असतं? ज्या रात्री कारागीर मेला त्या पहाटे कोण कुठून आलं, कोणाच्या चपला ओल्या होत्या, कोणाचा हात थरथरून तर्री सांडली, हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत असणार. पोलिसाकडून पैसे न घेणं हा मोठेपणा नाही, भीती आहे. तो दर सकाळी इन्स्पेक्टरला फुकट पोहे घालतो आणि दर सकाळी ठरवतो की आज सांगू, आणि सांगत नाही. अख्खी गोष्ट त्या गाडीवर चण्याच्या रश्शात पडलेली होती आणि मी फुटाळ्यावर भुट्टे भाजून राहिले होते.

डोकं वर केलं तर सीताबर्डी. शंकरनगर कधीच गेलं होतं. उलट्या मेट्रोत बसून मी फोनच्या नोट्समध्ये टाइप करत सुटले, ऑफिसला पंचवीस मिनिटं उशीर, सर म्हणाले काय झालं, म्हटलं मेट्रोत झोप लागली.

बाराव्या प्रकरणात मी ती जोडी मोडली, कारागिराच्या बहिणीनेच मोडली, दोन वाक्यांत, आणि तिच्या तोंडी माझ्या मावसबहिणीचं ते वाक्य घातलं थोडं बदलून. दोन वाचक रागावून गेले. कायमचे गेले बहुतेक. गेले तर गेले.

याच काळात मला स्वतःची एक गोष्ट खुपायला लागली. मी लिहायच्या आधी दहा-बारा वर्षं नुसती वाचत होते. इंग्रजीत, हिंदीत, जे मिळेल ते. त्यातली एक कथा होती, याच मालिकेवरची, छोटी, दहा मिनिटांत वाचून होईल अशी, ती मी निदान वीस वेळा वाचली असेन. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तर दर आठवड्याला. माझ्या इन्स्पेक्टरचा स्वभाव अर्धा त्या कथेतून आला आहे. आणि वीस वेळा वाचून मी त्या लेखकाला एकदाही काही म्हटलं नव्हतं. कुडोजसुद्धा नाही, तेव्हा मला ते बटण कशाचं हेच माहीत नव्हतं.

म्हटलं आता लिहू. रविवारी दुपारी बसले. आणि मग कळलं की हे किती अवघड आहे. "खूप छान" लिहिलं, पुसलं. "तुमच्या कथेने माझं आयुष्य" पुसलं, काहीतरीच. शेवटी त्या पोहेवाल्या वाचकाने केलं तसंच केलं, मला आवडलेलं एक वाक्य कापून चिकटवलं आणि खाली लिहिलं की इथं तो दार बंद न करता जातो ते मी कधी विसरले नाही. पाऊण तास गेला या एवढ्याला. लोक कमेंट का करत नाहीत हे मला त्या पाऊण तासात पटलं, आळस नसतो तो, निदान सगळा नसतो. आपण मूर्ख दिसू असं वाटतं.

पाठवायच्या आधी वर बघितलं, लेखकाचं नाव नीट लिहावं म्हणून. तर नावाच्या जागी ऑर्फन अकाउंट. म्हणजे काय तर, एओथ्रीवर तुम्हाला गोष्ट पुसायची नसेल पण तिच्याशी संबंधही ठेवायचा नसेल तर ती अनाथ करता येते. गोष्ट राहते, तुमचं नाव जातं. आणि तिच्याखाली कोणी काही लिहिलं तर ते तुमच्यापर्यंत येत नाही. मी आधी वाचायचे तेव्हा तिथं एक नाव होतं, मला चांगलं आठवतं की होतं, पण काय होतं ते आठवत नाही. त्या माणसाने कधी, का, कोणत्या दिवशी ठरवलं असेल मला माहीत नाही, वैयक्तिक कारण असेल, नोकरी असेल, काहीही. कमेंट मी टाकलीच. कोणाला गेली ती? कोणालाच नाही. खाली अजून अकरा कमेंट होत्या, बघितलं तर शेवटच्या दोघीतिघी पण माझ्यासारख्याच उशिरा पोचलेल्या वाटल्या.

तेव्हापासून मी वाचलं की लिहिते. दोन ओळी तरी. माझ्या मराठीवाल्या चार-पाच जणींना तर मी छळते आता.

एकोणिसावं प्रकरण मागच्या महिन्यात २३ तारखेला टाकलं. पोहेवाला साक्षीला उभा राहिला, धोतराऐवजी मुलाची पँट घालून, आणि सगळं सांगितलं. इन्स्पेक्टर शेवटी त्याच्या गाडीवर जातो आणि या वेळी तो पैसे घेतो, मोजून घेतो, सुट्टे परत देतो. मला स्वतःला फार आवडलं ते. रात्री टाकलं आणि झोपले. खरंच झोपले. सकाळी बघितलं तर नऊ कमेंट, त्यात व्हिसेरावाल्याची एक, नंबर घालून, साक्षीदाराच्या उलटतपासणीबद्दल दोन मुद्दे आणि शेवटी "बाकी आवडलं", यावेळी मी सरळ शेवटचं आधी वाचलं. पुण्याच्या बाईने लिहिलं की ती पुढच्या वर्षी मारबत बघायला येऊन राहिली, अगदी हेच शब्द, येऊन राहिले. आईला मी फोनवर वाचून दाखवल्या सगळ्या, ती म्हणाली, "लिहून ठेव कुठंतरी, फोनचं काय, आज हाय उद्या नाही," आणि मी खरंच त्या रात्री वहीत उतरवून काढल्या.

आणि तो माणूस, तर्रीपोहेवाल्याचा. त्याचीच सगळ्यात शेवटी आली, दुपारी. मी वाट बघत होते हे कबूल करते. बाकीच्यांनी रडले, हसले वगैरे लिहिलं होतं, याने नेहमीसारखं माझं एक वाक्य चिकटवलं आणि खाली एवढंच:

"तो दिवसभर कोर्टात होता. मग त्या दिवशी गाडी कोणी लावली?"

बायकोने लावली. पहाटे चारला, एकटीने, आणि तिच्याकडून तर्री जरा जास्तच तिखट झाली. लिहून राहिले. उद्या ११ तारीख आहे, मग २० ची धावपळ, त्यामुळं २१ नंतरच टाकते.